मूळ गाण्याच्या तोडीचे कव्हर कसे घडते आणि बहुतेक वेळा ते का फसते

प्रश्न तीन आहेत. कोणती कव्हर्स, म्हणजे दुसऱ्याचे गाणे नव्याने गाऊन केलेली ध्वनिमुद्रणे, मूळ गाण्याच्या बरोबरीची किंवा सरस ठरली? ती का ठरली? आणि आपण बँडमध्ये एखादे गाणे बसवतो तेव्हा ते एक तर नक्कल वाटते किंवा ओढूनताणून वेगळे केल्यासारखे वाटते, त्यावर उपाय काय? तिन्हींचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे, म्हणून सलगच लिहितो.

सुरुवातीला एक फरक पक्का करून घ्यावा लागतो. गाणे वेगळे आणि त्याचे ध्वनिमुद्रण वेगळे. चाल, शब्द आणि बहुतेकदा कॉर्ड्सचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांचा) क्रम एवढे म्हणजे गाणे. पट्टी, लय, ठेका, वाद्यमेळ, कोणती कडवी घ्यायची, कोण कोणाशी बोलतो आहे, हे सगळे स्टुडिओत घेतलेले निर्णय. त्यातले काही विचारपूर्वक घेतलेले असतात, काही घाईत, तर काही निव्वळ गायकाचा आवाज तेवढाच वर जात होता म्हणून. मुळाला मागे टाकणारी कव्हर्स तपासली की सगळ्यांत एक गोष्ट सापडते. त्या कलाकाराने यातला एकच निर्णय हेरला, तो उलटा केला, आणि त्या एका बदलापोटी जे जे बदलावे लागले ते शेवटपर्यंत बदलत नेले. फसलेल्या कव्हर्समध्ये एक तर काहीच उलटे केलेले नसते, नाही तर सगळेच थोडे थोडे हलवलेले असते.

सर्वांत स्वच्छ उदाहरण 'रिस्पेक्ट'चे. ओटिस रेडिंगने हे गाणे लिहिले आणि 1965 मध्ये गायले. राबून, पैसे घेऊन घरी येणारा पुरुष बाईकडे मान मागतो, असे ते गाणे. गायकी जोरकस, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्ये) दणदणीत, रचना मात्र सरळसोट, कडव्यामागून कडवे. अरीथा फ्रँकलिनने ते 14 फेब्रुवारी 1967 रोजी न्यूयॉर्कला अटलांटिक या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत गायले. तिने उलटा केलेला निर्णय एकच: मान मागणारी आता बाई आहे. पण तेवढे केल्यावर बाकीच्या गोष्टी आपोआप मागे लागल्या. एकट्या बाईची मागणी विनवणीसारखी ऐकू आली असती तर गाणे तिथेच पडले असते, म्हणून तिच्या बाजूने उभा राहणारा कोरस लागला. ते काम तिच्या बहिणींनी, कॅरोलिन आणि अर्माने केले. मागणी ठासून सांगायला मूळ गाण्यात जागाच नव्हती, म्हणून वाद्ये थांबवून त्या शब्दाची अक्षरे एकेक करून म्हणायची जागा निर्माण झाली. आज लोक ज्या अक्षरांवरून हे गाणे ओळखतात ती ओटिसच्या ध्वनिमुद्रणात नाहीतच. कडव्यांची सरळ रांग मोडायला मध्ये किंग कर्टिसच्या सॅक्सोफोनचा तुकडा आला. गाणे सी पट्टीत आहे आणि हा तुकडा एफ शार्प मायनरवर उडी मारतो. सा आणि तीव्र मध्यम यांच्यात असते ते अंतर, म्हणजे सप्तकाचा बरोबर अर्धा भाग. त्या कॉर्ड्स सॅम अँड डेव्ह या जोडीच्या दुसऱ्याच एका गाण्यातून घेतल्या होत्या. कान क्षणभर भांबावतो, आणि गाणे पुन्हा सी वर येते तेव्हा तीच ओळ नव्या दमाने लागते. त्याच वर्षी जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात ओटिसने स्वतःच श्रोत्यांना सांगितले की हे गाणे एका मुलीने आपल्याकडून पळवले.

अरीथाची नक्कल करणारे यातला फक्त जोर उचलतात. जोर हा परिणाम आहे. कारण आहे ते बोलणारी व्यक्ती बदलण्यात.

'ऑल अलाँग द वॉचटॉवर'मध्ये उलटा केलेला निर्णय वेगळा आहे. बॉब डिलनने ते डिसेंबर 1967 च्या अल्बममध्ये अडीच मिनिटांच्या आसपास संपवले: गिटार, बास, ड्रम, हार्मोनिका आणि तीन कडवी. ध्रुवपद नाही. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत तीनच कॉर्ड्स, त्याच क्रमाने फिरत राहतात. जिमी हेंड्रिक्सने लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत जानेवारी 1968 मध्ये ते घेतले तेव्हा या तीन कॉर्ड्सना हातही लावला नाही. मला हा त्याच्या समजुतीचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. कॉर्ड्स वाढवल्या असत्या तर गाण्यातला कोंडलेपणा गेला असता. त्याने बदलली ती रचना. ध्रुवपद नसल्यामुळे दोन कडव्यांमध्ये जी मोकळी जागा होती तिथे गिटारचे तुकडे बसवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामधला लांब तुकडा नीट ऐका, त्याचे सरळ चार भाग पडतात: आधी साधी गिटार, मग स्लाइड (तारांवर गुळगुळीत वस्तू सरकवून), मग वा-वा पेडल (पायाने आवाज उघडझाप करणारे), आणि शेवटी सुटे सूर सोडून कॉर्ड्सचा ठेका. कॉर्ड्स त्याच, वाजवण्याचा पोत मात्र चारदा बदलतो. पाठीमागे डेव्ह मेसनची बारा तारांची अकूस्टिक गिटार सलग चालू राहते, त्यामुळे वरचा आवाज कितीही भरकटला तरी पायाखालची जमीन हलत नाही. बासही अखेर हेंड्रिक्सनेच वाजवला. पुढे डिलन मंचावर हे गाणे हेंड्रिक्सच्या वळणाने करू लागला.

तीन-चार कॉर्ड्सचे, ध्रुवपद नसलेले गाणे बसवणाऱ्यांना यातून थेट उचलता येईल अशी युक्ती आहे: कॉर्ड्स तशाच ठेवा आणि दर आठ किंवा सोळा बारांनी (बार म्हणजे ठेक्याचे एक आवर्तन) पोत बदला. एका वेळी एकाच वाद्याचा बदला आणि निदान एक वाद्य अजिबात हलवू नका. दोन वाद्यांनी एकदम पोत बदलला की ऐकणाऱ्याला नवे कडवे सुरू झाल्याचा भास होतो आणि गाणे तुकड्यातुकड्यांचे वाटते.

'हर्ट'बद्दल इतके बोलले जाते की त्यातले नेमके काय बदलले ते मागे पडते. नाइन इंच नेल्स या बँडचे मूळ गाणे 1994 चे, सहा मिनिटांहून थोडे अधिक. कडव्यात गिटारच्या कॉर्डवर मुद्दाम न जुळणारा सूर ठेवलेला आहे, त्यामुळे शब्द कळण्याआधीच अस्वस्थता जाणवते. जॉनी कॅशने 2002 मध्ये, रिक रुबिनच्या निर्मितीत, तो खटकणारा सूर काढून टाकला. राहिल्या त्या साध्या मायनर-मेजर कॉर्ड्स, अकूस्टिक गिटार, आणि शेवटाकडे चढत जाणारा, एकाच सुरावर ठोके देणारा पियानो. लांबी साडेतीन मिनिटांच्या जरा पुढे. काट्यांचा मुकुट यावा म्हणून एक शिवी बदलली, बाकी शब्द तसेच. म्हणजे सुरांतली अस्वस्थता काढली आणि तिची जागा सत्तरीच्या माणसाच्या आवाजाने भरून काढली. त्या आवाजातला कंप, ओळीच्या शेवटी कमी पडणारा दम हे दोष म्हणून पुसले नाहीत, पुढे आणले. तिशीच्या आतल्या माणसाने हीच ओळ म्हटली की ती निराशा असते. आयुष्याच्या शेवटाकडे आलेल्या माणसाने म्हटली की तो हिशेब असतो. गाणे लिहिणारा ट्रेंट रेझ्नर त्याचा व्हिडिओ पाहून म्हणाला होता की आता हे गाणे माझे राहिले नाही.

पंचविशीच्या गायकाने कॅशची पद्धत उचलू नये असे मी म्हणतो ते याच कारणाने. काढून टाकलेल्या गोष्टीच्या जागी ठेवायला त्याच्याकडे तो आवाज नाही. वाद्ये कमी करण्याआधी स्वतःला विचारा: मी जे काढतो आहे त्याच्या वजनाचे माझ्याकडे काय आहे?

'हॅलेलुया'त निर्णय कडव्यांचा होता. लेनर्ड कोहेनचे ध्वनिमुद्रण 1984 चे: सिंथेसायझर, मागे मोठा कोरस, थोडे प्रार्थनेच्या अंगाने जाणारे. त्याने लिहिलेली कडवी कितीतरी जास्त होती. जॉन केलने 1991 च्या एका मानवंदना-अल्बमसाठी ते घेताना कोहेनकडून सगळी कडवी मागवली, पंधरा पाने फॅक्सवर आली, आणि केलने त्यातून धर्मापेक्षा देहाकडे, मोडलेल्या प्रेमाकडे झुकणारी कडवी निवडली. साथीला नुसता पियानो. जेफ बकलीने 1994 मध्ये गायले ते कोहेनचे गाणे म्हणण्यापेक्षा केलचे. कडवी त्याचीच, पियानोच्या जागी एक इलेक्ट्रिक गिटार, आणि लांबी जवळपास सात मिनिटे. म्हणजे आपण ज्याला श्रेष्ठ कव्हर म्हणतो ते कव्हरचे कव्हर आहे, आणि निम्मे श्रेय संपादनाला जाते.

या गाण्यात एक सापळाही आहे. पहिल्या कडव्यात शब्दच कॉर्ड्सची नावे सांगतात: चौथी, पाचवी, मग मायनरला उतरणे, मेजरला चढणे. शब्द येतात त्याच क्षणी ती ती कॉर्ड वाजते. सी पट्टीत एफ, जी, ए मायनर, एफ. हौसेने तिथे वेगळ्या कॉर्ड्स घातल्या की शब्द खोटे पडतात. बऱ्याच हुशार वादकांनी नेमके हेच केलेले ऐकायला मिळते. कोणत्याही गाण्यात असा एखादा खांब असतो, तो आधी शोधायचा.

बाकीची काही उदाहरणे थोडक्यात. बीटल्सने 1967 मध्ये आपला ड्रमवादक रिंगोसाठी लिहिलेले 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' मुद्दाम थोड्याच स्वरांत फिरते, कारण त्याचा गळा तेवढाच होता. जो कॉकरने 1968 मध्ये चार मात्रांचा चालता ठेका मोडून तीन-तीनच्या झोक्यावर आणला आणि लय संथ केली. मित्रांची खेळीमेळी होती, तिचा आक्रोश झाला. 'टेंटेड लव्ह' ग्लोरिया जोन्सने साठीच्या दशकाच्या मध्यात वेगवान सोल म्हणून गायले होते, ब्रास आणि कोरससह. सॉफ्ट सेलने 1981 मध्ये ते सी वरून जी वर आणले, लय कमी केली आणि सगळा वाद्यवृंद काढून सिंथेसायझर व ड्रम मशीन ठेवले. चिडलेल्या प्रेमिकेच्या जागी थंड, थकलेला माणूस आला. जॉन कोल्ट्रेनने 1960 च्या ऑक्टोबरमध्ये ध्वनिमुद्रित केलेले 'माय फेव्हरिट थिंग्ज' तर पावणेचौदा मिनिटांच्या आसपास आहे. रंगभूमीवरच्या गोड, तीन मात्रांच्या वॉल्ट्झमधले कॉर्ड्सचे फेरे बाजूला ठेवून तो ई मायनर आणि ई मेजर अशा दोन लांब मुक्कामांवर सोप्रानो सॅक्सोफोन फिरवत राहतो. आपल्या कानाला ते लगेच जवळचे वाटते, कारण आधार-स्वर धरून विस्तार करणे आपल्या अंगवळणी पडलेले आहे.

आता जिथे मी बहुमताशी सहमत नाही ते. व्हिटनी ह्यूस्टनच्या 1992 च्या 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'ने डॉली पार्टनच्या 1974 च्या मूळ गाण्याला हरवले असे सर्रास म्हटले जाते. मला ती दोन वेगळ्या कामांची दोन पूर्ण गाणी वाटतात. पार्टनने ते गायक पोर्टर वॅगनरसोबतची व्यावसायिक भागीदारी सोडताना लिहिले. शेवटचे कडवे ती गात नाही, बोलते, कारण समोरच्या माणसाला शुभेच्छा गाऊन दाखवायच्या नसतात. ह्यूस्टनच्या गाण्यात हा समोरचा माणूस राहत नाही, पण बांधणी अफाट आहे. सुरुवातीची पाऊण मिनिटाच्या आसपास नुसता आवाज, एकही वाद्य नाही. वाद्ये येतात तीही हळूहळू. मग तिसऱ्या मिनिटानंतर क्षणभर शांतता, ड्रमचा एक ठोका, आणि पट्टी ए वरून बी वर. त्या एका ठोक्याची तयारी तीन मिनिटे चाललेली असते. स्पर्धांमधून आणि समारंभांतून लोक ती पट्टीबदलाची जागा उचलतात आणि तयारी सोडतात. पहिल्याच ओळीपासून पूर्ण आवाज, प्रत्येक शब्दावर हरकती, आणि मग वरची पट्टी आली तरी ऐकणाऱ्याला काही घडल्यासारखे वाटत नाही.

'हाउंड डॉग'चे तर कव्हर मुळापेक्षा कमी आहे असेच माझे मत आहे, मग ते कितीही गाजले असो. बिग मामा थॉर्नटनने 1952 मध्ये गायले तेव्हा ते ऐतखाऊ पुरुषाला दाराबाहेर काढणाऱ्या बाईचे गाणे होते. 1956 मध्ये एल्विस प्रेस्लीकडे आले ते मधल्या एका विनोदी आवृत्तीवरून. शब्द बदललेले, ते खरोखर कुत्र्याविषयी असल्यासारखे. बोलणारी व्यक्ती बदलली, पण त्यामुळे जे बदलावे लागते ते कोणी बदललेच नाही. वेग आणि ऊर्जा आहे, पण कोण कोणावर का रागावले आहे हे नाही.

आणि 'सॅटिस्फॅक्शन' हे बरोबरीचे उदाहरण. मूळ गाणे रोलिंग स्टोन्सचे. त्यांच्या गिटारवादक कीथ रिचर्ड्सला त्यातली ती प्रसिद्ध धून ब्रासवर हवी होती, गिटारवर फझ (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) लावून वाजवलेली धून ही नुसती खूण होती. ओटिस रेडिंगने त्याच 1965 मध्ये ती खरोखर ब्रासवर वाजवून घेतली. तरीही फझवालीच लोकांच्या कानात राहिली. रचनाकाराच्या मनातला हेतू पूर्ण केला म्हणजे कव्हर सरस होईलच असे नाही.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे येऊ.

मूळ गाणे तीनदा ऐका आणि एका पानावर उतरवून काढा: चालीचे स्वर, शब्द, कॉर्ड्स. वाद्यांचे तुकडे, गायकाच्या हरकती, ड्रमचे भरणे यातले काहीही लिहू नका. मग निदान आठवडाभर मूळ ध्वनिमुद्रण बंद ठेवा आणि त्या पानावरूनच काम करा. ही पायरी गाळली की नक्कल होणारच, कारण गळा मूळ गायकाच्या जागा (गाताना घेतलेली खास वळणे) नकळत घेत राहतो. चाल कोणती आणि गायकाने घेतलेली जागा कोणती हे वेगळे करायला एक सोपी खूण आहे: तीनही कडव्यांत सारखे येते ती चाल, एकाच कडव्यात येते ती जागा. जागा आपल्या स्वतःच्या घ्या किंवा घेऊच नका.

त्याच वेळी शब्द मोठ्याने वाचा, गद्य वाचावे तसे. कोण बोलतो आहे, कोणाशी, आणि शेवटी काही बदलले आहे का, हे तीन वाक्यांत लिहा. लिहिता येत नसेल तर ते गाणे ठेक्यावर आणि आवाजावर उभे आहे, अर्थावर नाही. अशा गाण्याची लय उतरवू नये. पियानो घेऊन संथ केलेली शेकडो कव्हर्स इथेच मार खातात. मायकल अँड्र्यूज आणि गॅरी ज्यूल्स यांच्या 'मॅड वर्ल्ड'ने, जे 2003 च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते, ही लाट मोठी केली. पण टिअर्स फॉर फिअर्सच्या 1982 च्या मूळ गाण्यात अतिशय खिन्न शब्द नाचऱ्या सिंथेसायझरखाली दडलेले होते. ठेका काढल्यावर खाली काहीतरी सापडले. ज्या गाण्यात ठेक्याखाली काहीच नाही ते संथ केले की तेवढेच उघडे पडते, आणि चौथ्यांदा येणारे ध्रुवपद असह्य होते. संथ करायचेच असेल तर एक ध्रुवपद कमी करा.

लयीचे गणित असे. पाच टक्क्यांपर्यंतचा बदल सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दहा-पंधरा टक्क्यांचा बदल सर्वांत वाईट, कारण तो नवा वाटत नाही, चुकलेला वाटतो. ऐकणाऱ्याला वाटते वादक मागे पडताहेत. नवा स्वभाव हवा असेल तर दोन-तृतीयांशापर्यंत किंवा निम्म्यापर्यंत जावे लागते. पण मग दमाचा प्रश्न येतो. मिनिटाला 120 ठोक्यांवर चार मात्रांचे दोन बार म्हणजे 4 सेकंद. 70 वर तेच दोन बार जवळपास 7 सेकंद घेतात. जी ओळ एका दमात जात होती ती आता जात नाही, गायक मध्येच शब्द तोडून श्वास घेतो आणि अर्थ तुटतो. उपाय दोन: ओळ मुद्दाम अर्थाच्या जागी तोडा, किंवा लांब धरलेले स्वर आखूड करून तिथे वाद्याला बोलू द्या. दोन्ही लयी हव्या असतील तर आइक आणि टीना टर्नरचे 1971 चे 'प्राउड मेरी' ऐका. पहिला भाग संथ, दुसरा धावता. संथ भाग पुरेसा लांब ठेवल्यामुळेच धावता भाग सुटल्यासारखा वाटतो.

चार मात्रांचे गाणे सहा मात्रांवर न्यायचे असेल तर प्रत्येक ओळीतली जोर पडणारी अक्षरे अधोरेखित करा आणि ती पहिल्या किंवा चौथ्या मात्रेवर बसतात का पाहा. दोनतृतीयांश ओळी बसल्या तर बाकीच्या ओढून बसवता येतात. निम्म्याच बसत असतील तर तो ठेका सोडून द्या. शब्द चेंगरून बसवलेला ठेका शेवटपर्यंत खुपत राहतो.

पट्टी ठरवताना बहुतेक जण फक्त वरचा सूर निघतो का ते पाहतात. तेवढे पुरेसे नाही. चालीतला सर्वांत खालचा स्वर, सर्वांत वरचा स्वर आणि चाल जास्त वेळ कुठे रेंगाळते, या तिन्ही गोष्टी लिहा. गायकाची मर्यादा मोजताना जो सूर एकदा लागतो तो धरू नका, पाच वेळा लागोपाठ स्वच्छ लागतो तो धरा. मग ठरवा की वरचा सूर ताणून लागायला हवा की सहज. ताण हवा असेल तर तो मर्यादेच्या एक-दोन अर्धस्वर (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधले अंतर) खाली ठेवा. मुळात ओरडून गायलेले गाणे बोलण्याच्या जवळ आणायचे असेल तर चार-पाच अर्धस्वर खाली न्या. पुरुषाचे गाणे स्त्रीने घेताना, त्याच सप्तकात ठेवले तर फार खाली जाते, पूर्ण सप्तक वर घेतले तर फार उंच. म्हणून सप्तक वर घेऊन तिथून चार ते सात अर्धस्वर खाली आणणे बहुतेक आवाजांना मानवते.

पट्टी बदलली की दोन गोष्टी बिघडतात. गिटारची धून मोकळ्या तारांवर बसलेली असेल तर नव्या पट्टीत ती मरते. वर जायचे असेल तर कॅपो (गिटारच्या दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. खाली जायचे असेल तर सगळ्या तारा दोन अर्धस्वरांपर्यंत उतरवता येतात. त्यापुढे तारा सैल पडून खडखडतात, जाड तारांचा संच घालावा लागतो. दुसरे म्हणजे आवाज खाली आला की तो पियानोच्या डाव्या हातावर आणि बासवर आदळतो आणि सगळे घुमते. तिथे इक्वलायझर (वर-खालचे सूर कमीजास्त करणारे साधन) फिरवत बसण्याआधी डावा हात एक सप्तक वर न्या किंवा काढून टाका. दुरुस्ती संयोजनातच करावी, मिक्सिंगवर ढकलू नये.

कॉर्ड्स बदलण्याची खुमखुमी सर्वांनाच येते. सी हा स्वर सी मेजरचा मूळ स्वर आहे, ए मायनरचा तिसरा, एफ मेजरचा पाचवा आणि डी मायनर सेव्हनचा सातवा, म्हणजे एकाच सुराखाली चार वेगळे रंग ठेवता येतात. पण ते गाण्यात एकाच ठिकाणी वापरा, शक्यतो शेवटच्या ध्रुवपदाच्या पहिल्या ओळीवर, जिथे ऐकणाऱ्याला जुनी कॉर्ड पाठ झालेली असते. पहिल्या कडव्यापासूनच सगळे बदलले तर तुलना करायला त्याच्याकडे काहीच राहत नाही. आणि चालीतला लांब धरलेला स्वर कॉर्डमधल्या एखाद्या स्वराच्या अगदी अर्धा स्वर वर येत नाही ना, हे तपासा. कानाला खटकते ते बहुतेकदा तिथेच.

प्रसिद्ध धुनेचे काय करायचे हे पहिल्याच दिवशी ठरवा. ती तशीच ठेवली की ऐकणारा बाकीचे सगळे मुळाशी ताडून पाहतो. ती दुसऱ्या वाद्याला देता येते, चालीच्या मागे दबकी ठेवता येते किंवा पूर्ण गाळता येते. डीव्हो या बँडने 'सॅटिस्फॅक्शन' घेताना तिला बिलकुल जागा दिली नाही, आणि म्हणूनच ते त्यांचे झाले. सर्वांत वाईट म्हणजे ती फक्त सुरुवातीला ओळखीपुरती वाजवणे आणि मग सोडणे. ऐकणारा पुढची तीन मिनिटे तिचीच वाट पाहत बसतो.

स्त्री-पुरुषाची सर्वनामे बदलताना यमक तुटत असेल तर बदलू नका. मूळ शब्द तसेच ठेवून गायलेल्या गाण्यात अर्थाची एक जादा घडी पडते, आणि ती बहुतेकदा कामाची असते.

एवढे ठरल्यावर सगळा बँड बोलावू नका. एक आवाज आणि एक वाद्य घेऊन दोन पट्ट्या आणि दोन लयी, असे चार कच्चे ध्वनिमुद्रण फोनवर करा. दुसऱ्या दिवशी ऐका. चारांपैकी एकही मुळापासून वेगळे उभे राहत नसेल तर वाद्ये वाढवून ते वेगळे होणार नाही. पुन्हा त्या पानावर जा आणि दुसरा निर्णय शोधा. एखादे उभे राहिले तर पुढचे प्रत्येक वाद्य घेताना विचारा की ते याच एका बदलाच्या कामी येते आहे का.

तयार झालेले कव्हर मुळाशी ताडताना एक तांत्रिक चूक हमखास होते. एक-दोन डेसिबल जास्त मोठा आवाज कानाला सरस वाटतो, आणि आजचे मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात) साठ-सत्तरच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणापेक्षा खूपच मोठे असते. लाउडनेस मीटरवर दोन्ही गाण्यांचे सरासरी मोजमाप घ्या, मोठे असेल ते खाली आणून दोन्ही सारखे करा, आणि कोणते कधी लागेल हे दुसऱ्याला ठरवू द्या. पहिल्यांदा नुसते शब्द ऐका, दुसऱ्यांदा नुसता ठेका.

हक्कांबद्दल थोडे. नियम देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे प्रकाशित करण्याआधी आपल्या देशातला नियम पाहावाच लागतो. अमेरिकेत 1909 च्या कायद्यापासून, एकदा प्रकाशित झालेले गाणे ठरलेला मोबदला देऊन पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याची सोय आहे. आपल्या शैलीनुसार संयोजन करता येते, पण मूळ चाल किंवा गाण्याचे मूळ स्वरूप बदलता येत नाही. शब्द बदलणे किंवा भाषांतर करणे याला वेगळी परवानगी लागते. व्हिडिओला जोडायचे असेल तर तो आणखी वेगळा हक्क.

श्रेयनामावलीत रचनाकाराचे नाव द्यायचे असते, मूळ गायकाचे नव्हे, आणि इथे गफलत फार होते. 'टेंटेड लव्ह' ग्लोरिया जोन्सचे नाही, एड कॉबचे आहे. 'ट्विस्ट अँड शाउट' बीटल्सचे नाही आणि आयझ्ली ब्रदर्सचेही नाही. बर्ट बर्न्स आणि फिल मेडली यांनी ते लिहिले, 1961 मध्ये टॉप नोट्सने पहिल्यांदा गायले, ते बर्न्सला पटले नाही म्हणून 1962 मध्ये आयझ्ली ब्रदर्सकडून त्याने स्वतः करून घेतले, आणि 11 फेब्रुवारी 1963 ला बीटल्सने ते दिवसभराच्या सत्रात सर्वांत शेवटी घेतले, कारण जॉन लेननचा सर्दीने बसलेला घसा त्यानंतर काही गाऊ शकणार नव्हता. 'टॉर्न'ही नॅटली इम्ब्रुलियाच्या 1997 आधी एडनास्वॅपने 1995 मध्ये आणि त्याआधी 1993 मध्ये डॅनिशमध्ये लिस सोरेन्सनने गायले होते.

पैशांचा हिशेबही बँडमध्ये आधीच स्पष्ट करावा. गाण्याचा मोबदला रचनाकाराला जातो, आपल्याला मिळतो तो फक्त आपल्या ध्वनिमुद्रणाचा. अमेरिकेतल्या नेहमीच्या एएम-एफएम रेडिओवर तर तोही मिळत नाही. 'रिस्पेक्ट' तिथे जितक्यांदा वाजले तितक्यांदा पैसे रेडिंगच्या बाजूला गेले. ती अक्षरे, तो कोरस, तो सॅक्सोफोनचा तुकडा आणणाऱ्या अरीथाला रेडिओकडून काही मिळाले नाही.